ऑफिसच्या चॅटवर आणि कॉलवर नवे आहात? नागपुरातल्या नव्या नोकरदारांसाठी

मिहानमधली मोठी आयटी कंपनी असो, परसोडीच्या आयटी पार्कमधलं स्टार्टअप असो की बुटीबोरीच्या कारखान्यातला अकाउंट्स विभाग, नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी लॅपटॉपसोबत एक अकाउंट हातात पडतं. टीम्स, स्लॅक, गूगल चॅट, झूम, झोहो क्लिक यांपैकी कशाचं तरी. हजेरी कशी लावायची हे एचआर सांगतं, कामाचं ट्रेनिंग होतं. चॅटवर काय लिहावं आणि कॉलवर कसं बोलावं, हे मात्र कुणी शिकवत नाही. व्हॉट्सॲप वापरणाऱ्याला त्यात काय शिकवायचं, असं सगळेच धरून चालतात.

वर्धा, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळहून आलेली कितीतरी मुलं-मुली मी पाहिली आहेत. त्यांचं काम चोख असतं. पण चॅटवर ती गप्प राहतात, किंवा अर्धवट लिहितात, आणि मग अमेरिकेत किंवा पुण्यात बसलेल्या माणसाला वाटतं की यांना काही येतच नाही. हे मला फार लागतं, कारण यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. ऑफिसचं चॅट ही टीमची आठवण असते. स्लॅकचंच बघा. टायनी स्पेक नावाची कंपनी 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती. वेगवेगळ्या शहरांत बसलेल्या आपल्या लोकांना बोलता यावं म्हणून त्यांनी स्वतःपुरतं एक साधन तयार केलं. गेम २०१२ मध्ये बंद पडला, साधन उरलं, आणि २०१४ मध्ये ते स्लॅक म्हणून सर्वांसाठी खुलं झालं. २०२१ मध्ये सेल्सफोर्सने ते सुमारे २७.७ अब्ज डॉलरला घेतलं. मेसेज पाठवायची सोय तर आधीपासून शंभर ठिकाणी होती. इथे वेगळं एवढंच होतं की नवा आलेला माणूस जुनं संभाषण शोधून वाचू शकत होता आणि कुणाला न विचारता कामाला लागू शकत होता. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये टीम्स आणलं ते याच धर्तीवर. म्हणून काहीही लिहिताना एवढंच बघा: सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्याला कळेल का?

पहिलं पाऊल: लॉगिन आणि फोन

रुजू होण्याच्या दिवशी कंपनी बहुधा फोनवर ऑथेंटिकेटर ॲप टाकायला सांगते. पासवर्डनंतर त्यातला आकडा किंवा होकार द्यावा लागतो. यातली नेहमीची अडचण नंतर उद्भवते. दिवाळीत नवा फोन घेतला, जुना रीसेट करून लहान भावाला दिला, आणि सोमवारी लॉगिनच होत नाही. नवा फोन घेतलात तर जुना पुसण्याआधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर सुरू करून बघा. शंका असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा.

स्वतःच्या फोनवर ऑफिसचं ॲप टाकायचं की नाही, हा निर्णय शांतपणे घ्या. काही कंपन्या त्यासाठी फोनमध्ये वेगळा 'वर्क प्रोफाइल' तयार करतात. नोकरी सोडली किंवा फोन हरवला तर त्यातला ऑफिसचा डेटा कंपनी दुरून पुसू शकते. तुमचे घरचे फोटो वेगळ्या कप्प्यात राहतात. पण परवानग्यांचा पडदा न वाचता 'ओके' दाबू नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

लॅपटॉपवर शक्यतो ब्राउझरऐवजी ॲप वापरा. ब्राउझरमध्ये माइकची परवानगी मध्येच अडते आणि टॅब चुकून बंद होतो.

दुसरं पाऊल: पहिल्या दिवशीच्या अर्ध्या तासाच्या सेटिंग्ज

प्रोफाइलवर चेहरा स्पष्ट दिसेल असा साधा फोटो लावा. लग्नातला ग्रुप फोटो नको, फुलाचं चित्रही नको. नाव पूर्ण लिहा. स्लॅकमध्ये आपल्या नावाचा उच्चार स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवता येतो. खोब्रागडे, गजभिये, ढोबळे अशी आडनावं परदेशातल्या सहकाऱ्याला वाचताच येत नाहीत, आणि चुकेल या भीतीने तो नाव घेणंच टाळतो. ही सोय जरूर वापरा.

टाइम झोन भारताचाच आहे ना, ते तपासा. आयटी विभागाकडून आलेल्या लॅपटॉपवर कधीकधी दुसराच असतो आणि मग सगळ्या मीटिंगच्या वेळा चुकतात.

मग नोटिफिकेशन. सुरुवातीला सगळं चालू असतं आणि दर मिनिटाला टिंगटिंग होते. तुमच्या टीमचं चॅनल (सगळ्या टीमने मिळून लिहायची-वाचायची जागा), थेट आलेले मेसेज आणि तुमचं नाव घेऊन केलेला उल्लेख, एवढ्याचेच आवाज ठेवा. बाकी चॅनल म्यूट करा. म्यूट केलं म्हणजे बाहेर पडलो असं होत नाही. दिवसातून एकदोनदा स्वतः जाऊन वाचायचं, इतकंच.

शेवटी माइक तपासा. टीम्समध्ये डिव्हाइसेसच्या सेटिंगमध्ये 'टेस्ट कॉल' असतो. तो तुमचा आवाज रेकॉर्ड करून तुम्हालाच ऐकवतो. झूममध्येही माइक आणि स्पीकर तपासायची सोय आहे. ही तपासणी पहिल्या खऱ्या कॉलच्या पाच मिनिटं आधी करू नका, आदल्या दिवशी करा.

तिसरं पाऊल: कुठे लिहायचं

नवीन माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. साधारण तीन जागा असतात: चॅनल, छोटा ग्रुप आणि एकाच माणसाशी थेट चॅट. नव्या माणसाची ओढ नेहमी थेट चॅटकडे असते. चॅनलवर चाळीस लोक वाचतात, आपलं इंग्रजी चुकलं तर काय म्हणतील, असं वाटतं. म्हणून तो ओळखीच्या एका सीनिअरला हळूच विचारतो. उत्तर मिळतं, काम भागतं. पण पुढच्या आठवड्यात दुसरा नवा माणूस तेच विचारतो, आणि तो सीनिअर दिवसभर एकच उत्तर चार जणांना देत बसतो.

कामाचा प्रश्न चॅनलवर विचारा. तिथे ज्याला वेळ आहे तो उत्तर देतो, त्या एका सीनिअरच्या जेवणाच्या सुट्टीवर तुमचं काम अडत नाही, आणि उत्तर कायमचं नोंदलं जातं. थेट चॅट कशासाठी? रजा, तब्येत, पगार, कुणाच्या चुकीबद्दलचं बोलणं, अशा खासगी गोष्टींसाठी. दुसऱ्याची चूक चॅनलवर चव्हाट्यावर मांडू नका. आधी त्याला एकट्याला सांगा.

इंग्रजीच्या भीतीबद्दल मनापासून सांगतो. लहान वाक्यं लिहा. एका वाक्यात एकच गोष्ट. व्याकरण थोडं घसरलं तरी कामाच्या माणसाला चालतं, संदिग्ध लिहिलेलं चालत नाही. आणि टीममधले सगळे नागपूरचेच असतील तर आपापसात मराठी-हिंदीत बोला की! फक्त मराठीत दोघांचं बोलणं होऊन काही निर्णय झाला, तर त्याच्या दोन ओळी सर्वांना कळणाऱ्या भाषेत चॅनलवर टाका. हैदराबादचा सहकारी त्यामुळे बाजूला पडत नाही.

थ्रेडची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. चॅनलवर कुणी प्रश्न विचारला असेल तर त्याच्याच खाली 'रिप्लाय' दाबून उत्तर द्यायचं. नवे लोक टीम्समध्ये नव्या पोस्टच्या जागेत उत्तर लिहितात. मग प्रश्न एकीकडे राहतो, उत्तर दुसरीकडे कुठेतरी तरंगतं, आणि मधे दुसरीच चर्चा सुरू झालेली असते.

उल्लेखाची चिन्हंही जपून वापरा. स्लॅकमध्ये '@चॅनल' लिहिलं की त्या चॅनलमधल्या सगळ्यांना सूचना जाते, '@हिअर' लिहिलं की त्या वेळी हजर असलेल्यांनाच. दोनशे माणसांच्या चॅनलवर डबा हरवल्याची चौकशी '@चॅनल' लावून केली, तर रात्रपाळी करून झोपलेल्यांचेही फोन वाजतात. एका माणसाकडून काम हवं असेल तर त्याचंच नाव घ्या.

चौथं पाऊल: मेसेज पूर्ण लिहायचा

नुसतं 'हाय सर' लिहून थांबू नका. समोरच्याला सूचना जाते, तो हातातलं काम सोडून बघतो, तर नुसतं 'हाय सर'. तो 'बोला' म्हणतो. तोवर तुम्ही तर्री पोहे खायला खाली गेलेले. परत येऊन तुम्ही विचारता, 'सर, बिझी आहात का?' अशा रीतीने एका साध्या परवानगीसाठी दुपार निघून जाते. समोरचा माणूस न्यूयॉर्कमध्ये असेल तर पूर्ण दिवस जातो.

व्हॉट्सॲपवर आधी हाक मारायची, मग विषय काढायचा, ही आपली रीत आहे आणि त्यात आदर आहे. ऑफिसच्या चॅटवर तो आदर ठेवूनच पूर्ण गोष्ट एकाच मेसेजमध्ये लिहायची. असं:

'नमस्कार सर. जुलैच्या बिलांची फाइल शेअर्ड फोल्डरमधून उघडत नाही, "परवानगी नाही" असं दिसतं. मी लॉगआउट करून परत लॉगिन केलं, तरी तेच. स्क्रीनशॉट जोडला आहे. आज ४ वाजेपर्यंत परवानगी मिळाली तर तपासणी आजच संपवते.'

यात काय अडलं, काय दिसतं, तुम्ही स्वतः काय करून पाहिलं आणि कधीपर्यंत हवं, हे चारही आलं. समोरच्याला एकही उलट प्रश्न विचारावा लागत नाही. या मेसेजवरून तुमच्याबद्दल जो विश्वास तयार होतो, तो दहा मीटिंगमध्ये होत नाही.

मोठा मेसेज लिहिताना एंटर दाबला की अर्धवट मेसेज निघून जातो, ही सगळ्यांचीच तक्रार असते. नवी ओळ हवी असेल तर शिफ्ट धरून एंटर दाबा. स्लॅकच्या सेटिंगमध्ये एंटरने नवी ओळ यावी असंही ठेवता येतं. टीम्समध्ये लिहिण्याची चौकट मोठी करून घेतली की एंटरने ओळच बदलते. मोठी अडचण असेल तर मी म्हणेन, आधी नोटपॅडमध्ये लिहा, एकदा वाचा, मग चिकटवा.

एररचा फोटो मोबाइलने काढून पाठवू नका, स्क्रीनशॉट घ्या. विंडोजमध्ये विंडोज बटण, शिफ्ट आणि एस एकत्र दाबलं की हवा तेवढाच भाग घेता येतो. आणि एररची अक्षरं कॉपी करता येत असतील तर तीही टाका, कारण चित्रातला मजकूर पुढे शोधताना सापडेलच असं नाही.

तुम्हाला कुणी काम सांगितलं की निदान अंगठ्याची खूण तरी द्या. काम झालं की त्याच थ्रेडमध्ये 'झालं' लिहा, आणि कुठे ठेवलं त्याची लिंक द्या. उशीर होणार असेल तर उशीर होण्याआधी सांगा. 'आज होत नाही, उद्या दुपारपर्यंत देतो' ही ओळ लिहायला लाज वाटते, पण ती न लिहिणाऱ्यावरच लोक चिडतात.

संबोधनाचा प्रश्न नेहमी येतो. नागपूरच्या ऑफिसात 'सर', 'मॅडम', कधी 'दादा', 'ताई' सहज चालतं. अमेरिकन क्लायंटला मात्र पहिल्या नावानेच हाक मारायची, तीच त्यांची पद्धत आहे. संकोच वाटत असेल तर आठवडाभर टीममधले बाकीचे काय लिहितात ते बघा आणि तसं लिहा.

पाचवं पाऊल: कॉल

कॉलच्या तक्रारींमध्ये पहिली तक्रार असते, 'सर, नेट स्लो चालून राहिलं.' बहुतेक वेळा इंटरनेटचा वेग पुरेसा असतो. नुसत्या आवाजाला सेकंदाला सुमारे १०० किलोबिट पुरतात, म्हणजे तासाला ४५ एमबीच्या आसपास. बऱ्या दर्जाच्या व्हिडिओला दीड मेगाबिट धरले तर तासाला पावणेसातशे एमबी होतात. घरात १०० मेगाबिटचं फायबर असेल तर हे काहीच नाही. मग आवाज का तुटतो? कारण राउटर पुढच्या खोलीत, तुम्ही मागच्या खोलीत, आणि मधे जुन्या घराच्या जाड भिंती. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा आकडा बघून लोक खूश होतात. कॉलला अपलोडही तितकंच लागतं, आणि वेगापेक्षा सलगपणा जास्त लागतो.

उपाय असे करून बघा. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची केबल टाका. साधी गोष्ट आहे, पण निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. ते जमत नसेल तर राउटरजवळ बसा आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफाय निवडा. भिंतीपलीकडे असाल तर मात्र २.४ गिगाहर्ट्झच बरं पोचतं. तरीही आवाज तुटत असेल तर आधी आपला व्हिडिओ बंद करा, मग समोरून येणारा. टीम्स आणि झूममध्ये येणारा व्हिडिओ थांबवायची सोय असते. क्लाउडवर फाइल अपलोड होत असेल तर ती कॉलपुरती थांबवा.

लाइट जाण्याची तयारी हवीच. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. मृगाच्या पहिल्या वादळात लाइट गेले की लॅपटॉप चालू आणि कॉल बंद. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलंय की १२, ते बघून घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच लाइनवर आहे का, तेवढं इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आणि मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच लॅपटॉपशी एकदा जोडून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पासवर्ड शोधावा लागत नाही. टीम्समध्ये चालू कॉल लॅपटॉपवरून फोनवर घेता येतो. ही सोय एकदा मित्रासोबत करून बघा.

आता कूलर. एप्रिलपासून मृग लागेपर्यंत नागपुरात घरून कॉल घेणाऱ्याचा खरा सोबती डेझर्ट कूलर असतो. ४५ अंशांत तो बंद करा असं कुणाला सांगणं अन्याय आहे. म्हणून बसायची जागा बदला. हवेच्या झोताच्या थेट समोर बसलं की माइकवर वारा आदळतो आणि समोरच्याला फक्त घोंगावणं ऐकू जातं. बाजूला बसा, पाठ कूलरकडे नको. तोंडाजवळ येणारा दांडीचा माइक असलेला वायरचा हेडसेट घ्या. बर्डीवर साधा, टिकाऊ हेडसेट मिळतो, फार महागाचा लागत नाही. ब्लूटूथचे इअरबड गाण्यांना छान असतात, पण त्यांचा माइक चालू झाला की पुष्कळांचा आवाज पत्र्यासारखा होतो. ॲपमधलं नॉइज सप्रेशन चालू ठेवा. पंखा, कूलर असा एकसारखा आवाज ते चांगला काढतं. शेजारच्या खोलीतली माणसांची बोलणी मात्र सहसा तशीच जातात, तिथे दारच लावावं लागतं.

म्यूटची बटणं पाठ करा: टीम्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम, झूममध्ये विंडोजवर ऑल्ट आणि ए, गूगल मीटमध्ये कंट्रोल आणि डी. कॉलमध्ये शिरताना म्यूट असूनच शिरा. बोलायची पाळी आली की म्यूट काढून लगेच विषय मांडा. 'ऐकू येतंय का' हे एकदाच विचारा.

कॅमेऱ्याबद्दल माझं मत असं: पहिल्या भेटीत, क्लायंटशी पहिल्यांदा बोलताना आणि कठीण विषय असताना कॅमेरा चालू ठेवावा. रोजच्या पंधरा मिनिटांच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या बैठकीला, सक्ती नसावी. एका खोलीत चार जणांचं कुटुंब राहतं, अशा घरातून काम करणाऱ्या मुलीला रोज कॅमेरा लावायला सांगणं मला पटत नाही. अशी अडचण असेल तर लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला, एकदा सांगून ठेवा. पार्श्वभूमी धूसर करायची सोय आहे, पण जुन्या लॅपटॉपवर तिने कॉल अडखळतो.

स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन देऊ नका, लागते तीच विंडो द्या. त्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. नाहीतर पगाराचा किंवा घरचा मेसेज सगळ्यांसमोर झळकतो.

परदेशी उच्चार समजत नसेल तर कॅप्शन सुरू करा, म्हणजे बोलणं पडद्यावर लिहून दिसतं. त्यात कमीपणा नाही. तरी कळलं नाही, तर कॉल संपल्यावर पाच ओळी लिहून चॅनलवर टाका: 'मला असं समजलं, बरोबर आहे ना?' चुकलं असेल तर लोक लगेच दुरुस्त करतात, आणि मीटिंगची नोंद लिहिणारा माणूस म्हणून तुमचं नाव होतं.

फुकट खात्यांच्या मर्यादाही माहीत असू द्या, कारण लहान कंपन्यांत हीच खाती चालतात. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत संपते. गूगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असतील तर ६० मिनिटांत. स्लॅकच्या फुकट योजनेत फक्त मागच्या ९० दिवसांचे मेसेज दिसतात. तिथे महत्त्वाचा निर्णय चॅटवर सोडून देऊ नका, एखाद्या डॉक्युमेंटमध्ये उतरवून ठेवा.

सहावं पाऊल: घड्याळ

अमेरिका आणि ब्रिटन वर्षातून दोनदा घड्याळ तासाने पुढेमागे करतात, भारत करत नाही. न्यूयॉर्कची सकाळी १० ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी ७.३० ला असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर रात्री ८.३० ला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती परत ७.३० वर येते. ब्रिटनचे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. म्हणजे मार्चमध्ये दोनतीन आठवडे असे असतात की अमेरिकेची वेळ सरकलेली असते आणि लंडनची नाही. तेव्हा हमखास कुणीतरी तासभर रिकाम्या मीटिंगमध्ये बसून राहतं.

म्हणून तोंडी वेळ ठरवू नका, कॅलेंडरचं निमंत्रण पाठवा. ते दोन्हीकडची वेळ स्वतः सांभाळतं. लिहून सांगायचंच झालं तर 'भारतीय वेळेनुसार ८.३०' असं पूर्ण लिहा. हा एक तास नागपुरात खरोखर महत्त्वाचा आहे. खापरीहून शेवटची मेट्रो किंवा कंपनीची कॅब गाठायची असते. मुलींनी आणि लांब राहणाऱ्यांनी नोव्हेंबरच्या आधीच लीडशी बोलून कॅबची किंवा घरून कॉल घेण्याची सोय लावून घ्यावी.

आपले दिवसही कॅलेंडरवर आधीच टाका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, तेव्हा महाल-इतवारीत राहणाऱ्याला घरून कॉल घेणं अशक्य असतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या बाजूचे रस्ते भरलेले असतात, आणि हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सकडे वाहतूक वळवलेली असते. डेट्रॉइटमधल्या माणसाला हे कळणार कसं? एक ओळ आधी लिहिली तर तो आनंदाने वेळ बदलतो.

हिरवा ठिपका आणि घरची वेळ

नावाशेजारचा ठिपका हिरवा राहिलाच पाहिजे, या धास्तीने मुलं पाणी प्यायलाही उठत नाहीत. टीम्स साधारण ५ मिनिटं हालचाल नसली की 'अवे' दाखवतं, स्लॅक लॅपटॉपवर १० मिनिटांनी. कागदावर आकृती काढत बसलात तरी ठिपका हिरवा राहत नाही. सगळ्या जाणत्या लीडना हे माहीत असतं. माउस हलवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर वापरू नका. आयटीच्या नजरेत ते येतं आणि नोकरी जाऊ शकते. त्याऐवजी स्टेटसवर लिहा: 'जेवण, २.१५ ला परत'.

कामाच्या वेळेबाहेर मेसेज आला म्हणजे तेव्हाच उत्तर द्यायचं असं नसतं. समोरच्याकडे सकाळ असते म्हणून तो लिहितो. टीम्सच्या मोबाइल ॲपमध्ये 'क्वाएट टाइम' आणि स्लॅकमध्ये नोटिफिकेशनचं वेळापत्रक असतं, ते लावा. तुम्हाला रात्री काही सुचलं तर मेसेज सकाळच्या वेळेला 'शेड्यूल' करा. कामानंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काचा कायदा फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून लागू आहे. भारतात सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे आपल्याकडे हे लीडशी बोलूनच ठरवावं लागतं. पहिल्या महिन्यातच विचारा: खरंच तातडीचं असेल तर मला फोन कराल ना? बहुतेक जण 'हो' म्हणतात, आणि मग रात्रभर चॅट बघत बसायची गरज उरत नाही.

खासगीपणा आणि फसवणूक

ऑफिसच्या खात्यावर लिहिलेलं कंपनीचं असतं. थेट चॅट दोघांपुरतं दिसलं तरी कंपनीच्या नियमांनुसार चौकशीत ते काढता येतं, आणि तुम्ही पुसलेला मेसेजही तिच्या साठ्यात राहू शकतो. सहकाऱ्याची निंदा, दुसऱ्या नोकरीची बोलणी, घरची कागदपत्रं यांना तिथे जागा देऊ नका. उलट बाजूने, कंपनीची फाइल सोयीसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तो बाहेर पडलेला डेटा परत आणता येत नाही. टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. तो कॅब चुकली, लाइट गेले, वाढदिवस आहे यासाठी ठेवा.

नव्या माणसावर ठगांचं खास लक्ष असतं. साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून मेसेज येतो: 'मीटिंगमध्ये आहे, लगेच गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव.' कोणतेही साहेब असं मागत नाहीत. कंपनीच्या डिरेक्टरीतल्या नंबरवर फोन करून विचारा. दुसरा प्रकार म्हणजे टीम्सवरच 'आयटी सपोर्ट' म्हणून कॉल येतो आणि तुमच्या लॅपटॉपचा ताबा मागितला जातो. नावाशेजारी 'एक्स्टर्नल' दिसत असेल तर तो बाहेरचा माणूस आहे. कॉल कापा आणि खऱ्या आयटी विभागाला कळवा. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. लाजेने गप्प बसू नका, घरच्यांनाही सांगा.

सगळंच बंद पडलं तर

कधीकधी दोष तुमच्या नेटचा नसतोच. ४ जानेवारी २०२१ रोजी, सुट्टीनंतरच्या पहिल्याच सोमवारी, स्लॅक जगभर कोलमडलं होतं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम जवळपास सहा तास बंद होते. म्हणून मेसेज जात नसेल तर राउटर चार वेळा बंद-चालू करण्याआधी दुसरी एखादी साइट उघडून बघा आणि त्या सेवेचं स्टेटस पान तपासा. या कंपन्या तिथे चालू बिघाड जाहीर करतात. दोष तिकडचा असेल तर लीडला साधा फोन करा आणि हातातलं काम ऑफलाइन पुढे न्या. लीडचा, आयटी हेल्पडेस्कचा आणि कॅबवाल्याचा नंबर मात्र आजच फोनमध्ये आणि एका कागदावर उतरवून ठेवा, कारण एरवी हे तिन्ही नंबर त्या बंद पडलेल्या चॅटमध्येच असतात.